प्लॅन असलेलं गाव: पॅरडाइज, कॅलिफोर्निया, ८ नोव्हेंबर २०१८

त्या दिवशी आगीत जळालेल्या पॅरडाइजचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच की गाव बेसावध होतं, झोपेत सापडलं. मला हे अजिबात पटत नाही. त्या वेळी कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या गावांमधे आगीची इतकी तयारी केलेली गावं मोजकीच असतील. गावाचे १४ झोन पाडलेले होते, नकाशे लोकांना वाटलेले होते, मुख्य रस्त्याच्या सगळ्या लेन खाली उतरायला कशा वापरायच्या याची ड्रिल २०१६ मधे झालेली होती. तरी ८५ माणसं गेली आणि १८,८०४ इमारती जळाल्या. म्हणून ही केस मला 'काहीच केलं नव्हतं' वाल्या केसपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. माझं म्हणणं थोडक्यात असं की प्लॅन गावाच्या ऑफिसात होता आणि तो दोन गोष्टी धरून चालत होता, एक म्हणजे वेळ मिळेल आणि दुसरं म्हणजे कोणीतरी सांगेल, आणि त्या सकाळी दोन्ही नव्हतं, मग ज्याच्या घरात जे होतं त्यावर तो सुटला किंवा अडकला.

जागा

ब्यूट काउंटी सॅक्रामेंटोच्या उत्तरेला, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. खाली चिको हे कॉलेजचं शहर, दक्षिणेला ओरोव्हिल, तिथलं धरण तुम्हाला आठवत असेल, फेब्रुवारी २०१७ मधे सांडव्याला भगदाड पडलं आणि १ लाख ८८ हजार लोकांना एका संध्याकाळी घरं सोडायला लावली होती. म्हणजे या भागाला 'निघा' हा शब्द नवीन नव्हता. वर डोंगराकडे गेलं की एका लांबट धारेवर पॅरडाइज, पाइनच्या झाडांत वसलेलं, वस्ती २६ हजारांच्या आसपास. पश्चिमेला ब्यूट क्रीकची दरी, पूर्वेला फेदर नदीच्या वेस्ट ब्रँचची दरी. त्यामुळे दोन बाजूंना रस्ताच नाही. खाली उतरायला दक्षिणेकडे चार रस्ते, स्कायवे, नील, क्लार्क आणि पेंट्झ. गावाच्या आणखी वर मगेलिया, तिथल्या लोकांना खाली यायचं तर पॅरडाइजमधूनच यायला लागतं. उत्तरेकडे जंगलातून जाणारा एक रस्ता २०१३ च्या सुमारास पक्का केला, पण तो लांबचा आणि वळणावळणाचा.

गावाच्या आतले रस्ते हा खरा घोळ. पूर्वी जसजशी जमीन विकली गेली तसतसे गल्लीबोळ निघाले, आणि त्यातले कितीतरी पुढे जाऊन बंद होतात. नकाशा बघितला तर माशाच्या काट्यासारखा दिसतो, मधे कणा आणि दोन्हीकडे टोकं, टोकं एकमेकांना कुठेच जोडलेली नाहीत. कण्यावर गाड्या अडकल्या की टोकावरचा माणूस तिथेच.

आणि राहणारे कोण, तर बरेचसे रिटायर झालेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात परवडत नाही, इथे स्वस्तात घर मिळतं, झाडी आहे, हवा चांगली आहे. साधारण चारातला एक माणूस ६५ च्या वरचा. मोबाइल होमचे, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरांचे, पार्क भरपूर, बरीच घरं जुनी, ऑक्सिजनवर असलेले, वॉकरवाले, गाडी न चालवणारे लोक बरेच. हे सगळं त्या आगीच्या आधी सगळ्यांना माहीत होतं, लपलेलं काही नव्हतं.

२००८ आणि त्यानंतरची तयारी

२००८ च्या जूनमधे हंबोल्ट फायर झाली, ८७ घरं गेली, लोक घाबरून निघाले, रस्ते एकेक करून बंद पडत गेले आणि ट्रॅफिक तासन्तास तुंबला. त्यानंतर काउंटीच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे स्थानिक कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या समितीने, सांगितलं की निघायचे रस्ते पुरेसे नाहीत, आगीच्या भागात नवी घरं बांधणं थांबवा. घरं बांधणं काही थांबलं नाही (कुठे थांबतं?), पण झोनचा प्लॅन मात्र मनावर घेऊन केला. कल्पना अशी की सगळं गाव एकदम निघालं तर रस्ते तुंबतात, म्हणून आग ज्या बाजूने येईल त्या बाजूचे झोन आधी काढायचे, बाकीच्यांनी घरात थांबायचं, पहिले खाली उतरले की मग पुढचे. कागदावर यात काही खोट नाही, २००८ सारखी आग आली असती तर हा प्लॅन बहुतेक चाललाही असता.

पण त्याच वर्षांत, २०१४ मधे, गावाच्या बाजारातला स्कायवे चार लेनचा दोन लेनचा केला, पायी चालणाऱ्यांना सेफ व्हावं म्हणून. अपघात होत होते, कारण खरं होतं. पण निघायच्या मुख्य रस्त्याचा गळा आपणच आवळतोय हे लक्षात आणून देणारं कोणी त्या मीटिंगमधे असलं तरी त्याचं चाललं नाही.

इशारा द्यायची सोय म्हणजे कोडरेड नावाची सिस्टिम. यात मोबाइलवर कॉल हवा असेल तर आपणहून नाव नोंदवायचं. आता तुम्हीच सांगा, तुमच्या ओळखीत किती जणांनी असं कुठे नाव नोंदवलंय? तिथेही तेच, बऱ्याच लोकांचे नंबर यादीत नव्हतेच, आणि लँडलाइन तर लोकांनी काढूनच टाकलेल्या. भोंगा, सायरन वगैरे गावात काही नव्हतं.

ती सकाळ

८ नोव्हेंबर, गुरुवार. आपल्याकडे त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता. तिकडे मात्र पावसाळा सुरू व्हायची वेळ टळून गेलेली, मे महिन्यापासून एक इंचसुद्धा पाऊस नाही, गवत, पाइनच्या सुया, झुडपं, सगळं पापडासारखं वाळलेलं. दरीतून जार्बो गॅपकडून ईशान्येचा वारा येतो, तिथले लोक त्याला जार्बो विंडच म्हणतात, त्या पहाटे त्याचे झोत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे मोजले गेले. हवामान खात्याची रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे आग झपाट्याने पसरेल अशा हवेचा इशारा, आदल्या दिवसापासून होती. वीज कंपनी पीजी अँड ई दोन दिवस सांगत होती की वाऱ्यामुळे कदाचित वीज बंद करू, शेवटी केली नाही. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, ज्या लाइनने आग लागली ती मोठी ११५ केव्हीची ट्रान्समिशन लाइन, ती त्या बंद करायच्या यादीत बसतच नव्हती.

कॅरिबू-पलर्मो नावाची ती लाइन शंभरेक वर्षं जुनी, पुल्गा गावाजवळच्या एका टॉवरवर तार धरून ठेवणारा लोखंडी हुक वर्षानुवर्षं वाऱ्यात घासून घासून झिजलेला. सकाळी सव्वासहाच्या सुमारास तो तुटला, तार टॉवरला लागली, ठिणग्या खालच्या वाळक्या गवतात. अग्निशमनची पहिली गाडी थोड्याच वेळात समोरच्या बाजूला पोचली, पण आगीपर्यंत जाणारा कॅम्प क्रीक रोड म्हणजे कड्याच्या कडेचा अरुंद कच्चा रस्ता, त्या वाऱ्यात तिथे गाडी घालणं शक्य नव्हतं. त्या कॅप्टनने तिथूनच वायरलेसवर सांगितलं की हे मोठं होणार आहे. म्हणजे ज्याने आग बघितली त्याला पहिल्या मिनिटात कळलं होतं. आग विझवता येणार नाही आणि ती कुठे जाणार हेही कळलं होतं, राहिलं होतं ते फक्त लोकांपर्यंत पोचवणं.

तिथून पॅरडाइज दहा-अकरा किलोमीटर. मधे कॉन्काव, छोटी विरळ वस्ती, सात-साडेसातच्या सुमारास आग तिथे पोचली सुद्धा, तिथले काही लोक जीव वाचवायला तलावाच्या थंडगार पाण्यात उतरून उभे राहिले. आणि आठ वाजायच्या आसपास पॅरडाइजच्या पूर्व भागात ठिकठिकाणी आग लागलेली दिसायला लागली. ठिकठिकाणी हे महत्त्वाचं. आगीची एक भिंत चालत आली असं झालं नाही, वाऱ्याने जळती सालं आणि कोळसे किलोमीटरच्या किलोमीटर पुढे फेकले आणि गावात एकाच वेळी डझनावारी आगी सुरू झाल्या.

आता झोनचा प्लॅन आठवा. पूर्वेकडचे झोन आधी, बाकीचे थांबा. पूर्वेच्या झोनना निघायचा हुकूम आठच्या सुमारास, म्हणजे आग दारात आल्यावर. बाकीच्या गावाला त्यानंतर. काही झोनना कॉल गेलाच नाही. नोंदवलेल्यांपैकी सुद्धा कित्येकांना पोचला नाही कारण टॉवर आणि केबल जळायला लागल्या होत्या. सगळ्या मोबाइलवर एकदम कर्कश अलर्ट वाजवायची जी फेडरल सिस्टिम असते ती वापरलीच नाही. सुरुवातीला काळा धूर बघून ज्यांनी इमर्जन्सीच्या ९११ नंबरला फोन केले त्यांना सांगितलं गेलं की आग कॉन्कावकडे आहे, पॅरडाइजला आत्ता धोका नाही. फोनवर सांगणाऱ्याकडे तेवढीच माहिती होती, मी त्याला दोष देणार नाही. पण धूर डोक्यावर असताना, राख अंगणात पडत असताना, खिडकीबाहेर अंधार होत असताना लोक घरात थांबले, कारण त्यांना प्लॅनमधे तसंच शिकवलं होतं की तुमच्या झोनची पाळी येईल तेव्हा निघा.

मग सगळं गाव एकदम रस्त्यावर आलं. एरवी चिकोला जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, त्या दिवशी कित्येकांना चार-पाच तास लागले. स्कायवेच्या सगळ्या लेन खाली जायला खुल्या केल्या, पण तोवर गाव तुंबलेलं होतं, पेंट्झ आणि क्लार्कवर आग रस्त्याच्या कडेला आली होती. गाड्यांचे टायर वितळले, पेट्रोल संपलं, लोकांनी गाड्या सोडून पळ काढला आणि त्या सोडलेल्या गाड्यांनी मागचा रस्ता अडला. पूर्वेच्या कडेला फेदर रिव्हर हॉस्पिटल, तिथले पेशंट नर्सनी स्वतःच्या गाड्यांत घालून काढले. एका शाळेची बस २२ मुलं घेऊन निघाली, आत धूर भरला तेव्हा ड्रायव्हरने शर्ट फाडून त्याचे तुकडे पाण्यात भिजवून मुलांच्या तोंडाला धरायला दिले, बस काही तासांनी खाली पोचली, सगळी मुलं ठीक.

एक गोष्ट बातम्यांमधे फार आली नाही पण नंतर एनआयएसटी या सरकारी संस्थेने मिनिटामिनिटाचा अभ्यास केला त्यात ठळक दिसते. त्या दिवशी हजाराच्या वर माणसं गावातून बाहेर न पडता वाचली. दुकानांचे पार्किंग लॉट, मोकळे चौक, डांबर आणि खडी असलेली कुठलीही रिकामी जागा, अशा तीसेक ठिकाणी फायरवाल्यांनी आणि पोलिसांनी लोकांना थांबवलं, गाड्या मधे लावल्या आणि आग आजूबाजूने जाऊ दिली. यातल्या बहुतेक जागा प्लॅनमधे नव्हत्या, तिथल्या तिथे सुचलेलं. माझ्या मते या केसमधली ही सगळ्यात मोठी शिकण्यासारखी गोष्ट आहे आणि अजूनही घरगुती तयारीच्या पत्रकांत ती कुठेतरी खाली बारीक अक्षरात असते.

कोण गेलं

गेलेल्यांमधे बहुतेक ६५ च्या पुढचे. बहुतेक घरात नाहीतर घराच्या आवारात सापडले, गाडीत गेलेले त्यामानाने थोडे. पेटलेल्या रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ जगभर फिरले त्यामुळे आपल्याला वाटतं लोक ट्रॅफिकमधे मेले. तसं फारसं झालं नाही. लोक निघूच शकले नाहीत, किंवा निघायचं कळलं नाही. चालता येत नाही, गाडी नाही, गाडी आहे पण चालवणारा कामाला गेलाय, ऐकू येत नाही, मुलगी येऊन नेईल म्हणून वाट बघतायत आणि मुलीला वर येऊ दिलं नाही कारण सगळे रस्ते खाली यायला केले होते. गाडीत जे गेले त्यातले काही एजवुड लेन नावाच्या रस्त्यावर, जो एका बाजूने बंद आहे.

गॅरेजचा दरवाजा हा एक विषय घ्या. अमेरिकेत बऱ्याच घरात गाडी गॅरेजमधे आणि गॅरेजचा दरवाजा विजेवर. वीज गेली की दरवाजा उघडत नाही. मोटरपासून सुटा करायला एक लाल दोरी लोंबत असते, ती ओढून दरवाजा हाताने उचलायचा असतो. ऐंशी वर्षांच्या बाईला अंधारात धुरात हे जमणार आहे का, मुळात तिला ती दोरी माहीत आहे का. २०१७ च्या सोनोमा-नापाच्या आगीत लोक असेच गॅरेजमधे अडकून गेले होते, त्यावरून कॅलिफोर्नियाने कायदा केला की नवीन ओपनरला बॅटरी पाहिजेच. कायद्यावर सही झाली सप्टेंबर २०१८ मधे, लागू झाला जुलै २०१९ पासून. पॅरडाइज बरोबर मधे.

घरं कशी जळाली

फोटो बघितले असतील तर एक विचित्र गोष्ट दिसते, घर म्हणजे राखेचा चौकोन आणि चिमणी, आणि बाजूला पाइनचं झाड हिरवं उभं. म्हणजे जंगलाची आग घरावर चालून आली आणि घर गिळलं असं नाही. आपल्याकडे सह्याद्रीत वणवा म्हणजे डोंगरावरचं गवत पेटतं, कोकणात आंब्या-काजूच्या बागा जातात, डोळ्यासमोर तेच चित्र येतं, ज्वाळांची रांग. इथे घरं मारली उडत्या कोळशांनी. कोळसा पागोळीच्या पन्हाळीत साठलेल्या पाइनच्या सुयांवर पडला. माळ्याला हवा लागावी म्हणून ठेवलेल्या जाळीतून आत गेला. लाकडी डेकच्या खाली ठेवलेल्या सामानात पडला, दाराबाहेरच्या काथ्याच्या पायपुसण्यावर पडला. भिंतीला लागून लावलेल्या झुडपात पडला आणि त्या झुडपाच्या झळीने खिडकीची काच तडकली, मग आत पडदे. आणि एक घर पेटलं की ते शेजारच्या घराला पेटवतं, जळतं झाड देत नाही एवढी झळ जळतं घर देतं.

यूएस फॉरेस्ट सर्व्हिस आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या लोकांनी नंतर पॅरडाइजमधली ४०० घरं घेऊन हिशेब मांडला. १९९७ च्या आधी बांधलेली घरं फक्त ११.५ टक्के वाचली, नंतरची ३८.५ टक्के. नवीन छपरं, दोन काचांच्या खिडक्या, बारीक जाळ्या, याचा फरक. पण सगळ्यात जास्त काय मोजलं गेलं, तर जळालेलं दुसरं घर किती जवळ होतं. साधारण १८ मीटरच्या आत शेजारचं घर पेटलं की तुमचं वाचणं अवघड. म्हणजे तुम्ही तुमचं अंगण चकाचक ठेवलं आणि शेजारच्याने तीन वर्षं पन्हाळ साफ केलं नाही तर तुमच्या मेहनतीतली निम्मी वाया. घरगुती तयारी ही एका घराची गोष्टच नाही हे त्या आकड्यांतून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्याच भाषणातून होत नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात घराभोवती १०० फूट मोकळं, विरळ ठेवायचं हे आधीपासून होतं. पण घराला चिकटलेले पहिले पाच फूट, जिथे माणसं हौसेने झाडं लावतात, लाकडाचा भुसा पसरतात, सरपण रचतात, तिथे काहीच जळण्यासारखं नको, हा नियम करायचा कायदा राज्याने या आगीनंतर २०२० मधे केला. पाच फूट म्हणजे काय हो, हात पसरला एवढं. खर्च विचारला तर खडी टाकायचा आणि झुडपं काढायचा. तरी लोक भांडतात, आमचे गुलाब काढायचे का म्हणून.

हे घरात कसं आणायचं

'गो बॅग', म्हणजे निघताना उचलायची तयार भरलेली बॅग, हा प्रकार मला थोडा ओव्हररेटेड वाटतो. वाईट नाही, ठेवा, औषधं, चष्मा, चार्जर, पासपोर्ट, ग्रीन कार्ड किंवा व्हिसाचे कागद, थोडी कॅश. पण पॅरडाइजमधे बॅग नव्हती म्हणून कोणी गेलं नाही. उलट बॅग भरत बसल्यामुळे निघायला उशीर झाला अशा गोष्टी वाचायला मिळतात. मी क्रम असा लावेन.

आधी निघायचा निर्णय कशावर घ्यायचा ते ठरवा, आणि तो फोनवर अवलंबून ठेवू नका. रेड फ्लॅग वॉर्निंग आहे, वारा आहे, आणि धूर दिसला किंवा राख पडली, तर निघायचं, हुकूम आला नसला तरी. उगाच निघालो असं झालं तर काय, चिकोत एक कॉफी पिऊन परत. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, लहान मूल आहे, किंवा ज्यांचा रस्ता पुढे बंद आहे, त्यांनी तर वॉर्निंगच्या आदल्या रात्रीच खाली नातेवाईकाकडे जावं. हे ऐकायला अति वाटतं. पण वर्षातून असे दिवस मोजके असतात.

मग गाडी. आगीच्या सीझनमधे टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, वाऱ्याच्या दिवशी गाडी गॅरेजच्या बाहेर, तोंड रस्त्याकडे, किल्ली एका ठरलेल्या जागी. गॅरेजची लाल दोरी घरातल्या प्रत्येकाने एकदा ओढून बघायची, आईबाबा इंडियातून सहा महिन्यांसाठी आलेत त्यांनी सुद्धा. हे मुद्दाम लिहितोय कारण सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सम, एल डोराडो हिल्स या पट्ट्यात आता आपले लोक खूप आहेत, कंपनी पगार देते, घर टेकडीवर घेतलं, व्ह्यू छान, आणि दिवसा घरात कोण, तर सासूसासरे किंवा आईवडील, ज्यांना ड्रायव्हिंग येत नाही, शेजारी कोण राहतं माहीत नाही, अलर्ट इंग्रजीत येतो आणि तो सुद्धा मुलाच्या फोनवर, मुलगा ऑफिसात चाळीस मैलांवर. पॅरडाइजमधे जी म्हातारी माणसं गेली त्यांच्यात आणि या आईवडिलांत, त्या एका तासापुरता, फारसा फरक नाही. शेजारच्या एका माणसाचा नंबर फ्रिजवर चिकटवा, त्याला सांगून ठेवा की दिवसा घरात दोघं असतात. तेवढं केलंत तर ती बॅग राहिली तरी चालेल.

तिसरं, अडकलो तर कुठे थांबायचं. तुमच्या घरापासून खाली जाताना मोठं पार्किंग, शाळेचं ग्राउंड, खडीचं मैदान कुठे कुठे आहे ते एकदा गाडीतून जाताना बघून ठेवा. रस्ता बंद झाला तर गाडी सोडून जंगलात पळायचं नाही, मोकळ्या डांबरावर गाडीत खिडक्या बंद करून थांबणं बऱ्याचदा बरं. हे पहिला पर्याय म्हणून अजिबात नाही, पहिला पर्याय लवकर निघणं. पण दुसरा पर्याय डोक्यात नसला की माणूस तिसराच काहीतरी वेडा पर्याय काढतो.

काउंटीच्या अलर्टला नाव नोंदवा, हो, तेही करा, पाच मिनिटांचं काम. आपला झोन नंबर माहीत असू द्या.

घराचं काम मात्र वीकेंडचं आहे. पन्हाळ साफ, छपरावरच्या सुया साफ, माळ्याच्या जाळ्या साधारण ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, डेकखालचं सामान बाहेर, भिंतीला टेकलेलं लाकडी कुंपण पहिल्या पाच फुटात तरी तोडून तिथे धातूचं फाटक. हे केलं आणि घर वाचेलच असं नाही, ते टक्के वर दिलेत. आणि पाइप घेऊन छपरावर पाणी मारत उभं राहायचं असेल तर राहू नका, गावभर पाइप वितळून गळायला लागले की नळाला दाब राहत नाही.

नंतरचं

आग २५ नोव्हेंबरला आटोक्यात आली, पाऊस आला तेव्हा, एकूण १,५३,३३६ एकर. मधल्या दोन आठवड्यांत धूर बे एरियात, १६ नोव्हेंबरला तिकडच्या शाळा बंद, एन९५ मास्क दुकानातून गायब, आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मास्क कुठे मिळतो एवढंच चाललेलं. चिकोच्या वॉलमार्टच्या पार्किंगमधे तंबू पडले. पीजी अँड ईने जानेवारी २०१९ मधे दिवाळखोरी मागितली आणि जून २०२० मधे कोर्टात ८४ जणांच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. कंपनी असल्यामुळे तुरुंगात कोणी गेलं नाही, दंड साधारण ३५ लाख डॉलर. आगीत नुकसान झालेल्यांसाठी १३.५ अब्ज डॉलरचा करार झाला, त्यातला निम्मा कंपनीच्या शेअरमधे, आणि लोकांना त्यांच्या मंजूर रकमेचे पूर्ण शंभर टक्के कधी मिळाले नाहीत.

घर वाचलेल्यांचे वेगळेच हाल. पाण्याच्या पाइपमधे बेंझीन सापडलं, कित्येक महिने नळाचं पाणी प्यायला बंद. म्हणजे घर उभं आहे, पण पाणी नाही, शेजारी नाही, दुकान नाही, हॉस्पिटल बंद झालं ते झालंच. इन्शुरन्सचा धडा इथेच आहे, बऱ्याच जणांची पॉलिसी घर घेतलं तेव्हाच्या आकड्यावर होती, बांधायचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेलेला, आणि मोबाइल होमवाल्यांत इन्शुरन्सच नसलेले कमी नव्हते. मर्सेड नावाची एक छोटी इन्शुरन्स कंपनी तर या एका आगीत बुडाली. दर वर्षी पॉलिसीवर घर परत बांधायचा आकडा बघा, घराच्या बाजारभावाचा नाही, आणि फोन घेऊन प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढून क्लाउडवर टाका. दहा मिनिटं लागतात आणि नंतर क्लेम भरताना प्रत्येक चमचा आठवत बसायला लागत नाही.

२०२० च्या जनगणनेत पॅरडाइजमधे ४,७६४ माणसं मोजली गेली. आता दहा हजारांच्या पुढे आहेत. गावात सायरनचे टॉवर उभे केलेत, विजेच्या तारा जमिनीखाली घेतायत, घराजवळच्या पाच फुटांचा नियम गावाने स्वतःच आणला. जुलै २०२४ मधे याच काउंटीत पार्क फायर झाली, चिकोच्या बिडवेल पार्कमधे एकाने पेटती गाडी घळीत ढकलली असा आरोप आहे, तिथून सुरू होऊन ४,२९,६०३ एकर जळाले, म्हणजे क्षेत्रफळाने पॅरडाइजच्या आगीच्या अडीच पटीच्या वर. तेव्हा डोंगरावरच्या कोहॅसेटला, जिथे खाली यायला डांबरी रस्ता एकच आहे, आग लागली त्याच दिवशी रिकामं व्हायला सांगितलं. घरं बरीच गेली, माणसं खाली आली.

पॅरडाइजमधे आत्ता नवीन घर घेणाऱ्याला सगळ्यात जास्त अडतं ते इन्शुरन्सपाशी. साध्या कंपन्या पॉलिसी देत नाहीत, मग फेअर प्लॅनवर, म्हणजे कुठेच पॉलिसी न मिळणाऱ्यांसाठीच्या शेवटच्या सोयीवर, जायचं, तो महाग आणि त्यात कव्हर कमी. नवीन कोडप्रमाणे बांधलेलं, भोवती खडी, जाळ्या बारीक, सगळं करूनही प्रीमियम बघून लोक मागे फिरतात. आणि ते माशाच्या काट्यासारखे रस्ते, बंद टोकं एकमेकांना जोडायचे प्लॅन तयार आहेत, काम पैसे येतील तसतसं पुढे सरकतंय.